प्लाझ्मा इग्निशन: लखलखत्या ठिणगीला भुलू नका, या चुका टाळा

पावसात गाडी मिसिंग मारायला लागली की कुणी ना कुणी ‘प्लाझ्मा बूस्टर’ गळ्यात मारायला टपलेलाच असतो. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल आणि ठिणगी पाडणारा प्लग, यांच्या मध्ये बसणारी डबी, पांढरीशुभ्र ठिणगी, वर ॲव्हरेज वाढण्याची तोंडी हमी.

प्लाझ्मा म्हणजे वीज वाहून नेणारा, विद्युतभारित झालेला गॅस. मुळात साध्या प्लगची ठिणगीही प्लाझ्माच असते. कॉइल दर ठिणगीला साधारण 30 ते 100 मिलिज्यूल ऊर्जा देते. पेट्रोल-हवेचं नीट जमलेलं मिश्रण शांत स्थितीत एका मिलिज्यूलच्या आतच पेटतं. सहज पेटणारं आणखी जोरात पेटवून पदरात फारसं काही पडत नाही. प्लाझ्माचा खरा उपयोग पातळ मिश्रणात, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी असताना. पण एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 पेट्रोल गाडीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ होऊच देत नाही, कारण धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ठरलेलं प्रमाण लागतं. मग डबीनं करायचं काय? अशा कित्येक डब्यांत नुसता कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो. तो तीच ऊर्जा क्षणार्धात ओतून देतो. उजेड आणि आवाज वाढतो, इलेक्ट्रोड लवकर झिजतात.

डबी घेण्याआधी प्लगची कॅप काढून आत बघा. पांढऱ्या सिरॅमिकवर, धातूच्या कडेलगत तपकिरी वलय दिसेल. इंजिनातला गॅस लीक होतोय असं समजून त्यापायी चांगला प्लग फेकला जातो. ते कोरोना डिस्चार्जनं, म्हणजे जास्त व्होल्टेजमुळे हवेत होणाऱ्या मंद विद्युत गळतीनं, ओढून घेतलेल्या तेल-धुळीचं असतं, निरुपद्रवी. वरून खाली उतरणारी बारीक काळी रेघ दिसली तर मात्र करंट बाहेरूनच पळतोय. कॅपमध्ये ओल शिरली की हे व्हायचंच. प्लग आणि कॅप दोन्ही बदला. नुसता प्लग बदलला तर कॅपमधला काळा माग नवा प्लगही खराब करतो.

प्लग बाहेर काढून ठिणगी दाखवणं हा गॅरेजातला आवडता खेळ. पाशेनचा नियम 1889 सालचा: दाब वाढला की प्लगच्या इलेक्ट्रोडमधला तोच गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर झकास उडणारी ठिणगी कॉम्प्रेशनमध्ये दगा देऊ शकते. सीएनजीवर तर व्होल्टेजची मागणी आणखी वाढते, म्हणून रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी झिजून रुंदावलेला गॅप आधी तपासावा. आणि रेझिस्टरवाल्या प्लगच्या जागी बिनरेझिस्टरचा घालू नका. सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गोंधळतात.

आता प्रोजेक्टवाली मुलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर (जुन्या टीव्हीतला, जास्त व्होल्टेज देणारा) आणून तडतडणारा आर्क, म्हणजे सलग ठिणगी, काढला, की त्याला ‘नॅनोसेकंद प्लाझ्मा’ (सेकंदाच्या काही अब्जांश भागांपुरत्या झटक्यांचा प्लाझ्मा) म्हणायचं, असं चालत नाही. आर्क गॅस तापवतो, त्यातून नायट्रोजन ऑक्साइड वाढू शकतात. नॅनोसेकंदाच्या, नीट सांभाळलेल्या पल्समध्ये गॅस फारसा तापायच्या आत इलेक्ट्रॉनांना भरपूर ऊर्जा मिळते आणि ऑक्सिजनचे मोकळे अणू तयार होतात. ज्वलनाला रेटा तिथून मिळतो. ऊर्जा मोजताना व्होल्टेज आणि करंट मोजणाऱ्या प्रोबच्या केबलमधला वेळेचा फरक काही नॅनोसेकंदांचा असला तरी हिशेब कोसळतो. म्हणून आधी ठिणगी पडणार नाही इतक्या कमी व्होल्टेजवर एक पल्स सोडा. तिथे दिसणारा करंट जवळपास सगळा इलेक्ट्रोडच्या कपॅसिटन्सचा, म्हणजे त्यांच्यात वीज साठण्याचा, असतो. त्यावरून दोन्ही सिग्नल जुळवा आणि तो करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढवून खऱ्या ठिणगीच्या वेळी मोजलेल्या करंटमधून वजा करा.