युद्धोत्तर हॅन्सर्ड वाचताय? या चुका टाळा

आपल्या विधिमंडळाची प्रश्नोत्तरांची यादी एकदा तरी चाळलेल्याला तिचा साचा पाठ होतो. ‘हे खरे आहे काय?’, ‘असल्यास,’ आणि उत्तराच्या बाजूला ‘होय’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. या पद्धतीचं माहेर लंडनचं हाऊस ऑफ कॉमन्स, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटचं कनिष्ठ सभागृह. पार्लमेंटच्या कामकाजाचा छापील अहवाल म्हणजे हॅन्सर्ड. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरचे, म्हणजे १९४५ ते १९५१ या पंतप्रधान अ‍ॅटली यांच्या सरकारच्या काळातले खंड आता घरबसल्या वाचता येतात. प्रबंध लिहिणारे, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक, पणजोबांच्या फौजेतल्या नोकरीचा माग काढणारे असे बरेच जण तिकडे वळतात.

मी हे खंड बरीच वर्षं वाचतो आहे. इतरांचे लेख तपासायला येतात, तेव्हा त्याच त्या चुका समोर येतात. बहुतेकींचं मूळ एकच असतं. उत्तर वाचलं जातं, पण ते उत्तर द्यायला कोण बांधील होतं आणि किती बांधील होतं, हे पाहिलं जात नाही.

मंत्र्याला भलत्याच सभागृहात शोधणं

जुलै १९४५ पर्यंत भारतमंत्री होते लिओपोल्ड अमेरी, आणि ते कॉमन्सचे सदस्य. त्यामुळे भारताविषयीच्या प्रश्नांना त्यांची उत्तरं कॉमन्सच्या खंडांत भरपूर सापडतात. २६ जुलै १९४५ ला निवडणुकीचा निकाल लागला, मजूर पक्षाचं सरकार आलं आणि भारतखातं गेलं पेथिक-लॉरेन्स यांच्याकडे. त्यांना उमराव करून वरिष्ठ सभागृहात, म्हणजे लॉर्ड्‌समध्ये, बसवलं होतं. एप्रिल १९४७ मध्ये त्यांच्या जागी आलेले लिस्टोवेलही उमरावच. म्हणजे सत्तांतराची वाटाघाट चालू असताना खात्याचा मंत्री कॉमन्समध्ये नव्हताच. तिथे उपमंत्री आर्थर हेंडरसन उत्तरं देत, आणि मोठा विषय असला की स्वतः पंतप्रधान उभे राहत.

कॉमन्सच्या सूचीत पेथिक-लॉरेन्स हे नाव टाकून काहीच सापडत नाही म्हणून शोध सोडून दिलेले दोन अभ्यासक मला ठाऊक आहेत. कॉमन्समध्ये हेंडरसन यांचं नाव शोधा आणि त्याच आठवड्याचा लॉर्ड्‌सचा खंड शेजारी उघडून ठेवा. १९ फेब्रुवारी १९४६ ला कॅबिनेट मिशनची, म्हणजे सत्तांतराच्या बोलण्यांसाठी भारतात पाठवायच्या मंत्र्यांच्या शिष्टमंडळाची, घोषणा दोन्ही सभागृहांत झाली, कॉमन्समध्ये अ‍ॅटलींनी आणि लॉर्ड्‌समध्ये पेथिक-लॉरेन्स यांनी. आदल्याच दिवशी मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावरच्या खलाशांनी काम थांबवलं होतं. या दोन घटना एकाच आठवड्यातल्या आहेत, हे एकच खंड वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतं.

प्रश्न थांबले म्हणजे विषय संपला असं समजणं

१५ ऑगस्ट १९४७ नंतर कॉमन्समधले भारताच्या अंतर्गत कारभारावरचे प्रश्न एकदम आटतात. ‘ब्रिटिश खासदारांना भारताशी देणंघेणं उरलं नाही’ असा निष्कर्ष मी छापील लेखांत वाचला आहे. तो चुकीचा आहे. मंत्र्याला फक्त त्याच्या जबाबदारीतल्या गोष्टीवरच प्रश्न विचारता येतो, असा नियम आहे. भारतखातंच उरलं नाही, तेव्हा मुंबई प्रांतातल्या धान्यपुरवठ्यावर विचारायचं कुणाला? भारताशी संबंधित जे उरलं, म्हणजे स्टर्लिंग शिल्लक (ब्रिटनकडे पौंडांत साठलेलं भारताचं येणं), निवृत्तिवेतनं, राष्ट्रकुलाचे संबंध, ते अर्थखात्याच्या आणि राष्ट्रकुल संबंध खात्याच्या उत्तरांत मिळतं.

हाच नियम ब्रिटनमधल्या घरच्या विषयांनाही लागू होता. १ जानेवारी १९४७ ला कोळसा खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि १ जानेवारी १९४८ ला रेल्वे. त्यानंतर ‘अमुक गाडी रोज उशिरा का येते’ यासारखे प्रश्न दाखलच करून घेतले जात नव्हते, कारण रोजचा कारभार मंडळाकडे होता, मंत्र्याकडे नव्हता. सदस्यांनी खूप तक्रार केल्यावर जून १९४८ मध्ये सभापती क्लिफ्टन ब्राउन यांनी पुरेसं सार्वजनिक महत्त्व असलेल्या प्रश्नांपुरती वाट थोडी मोकळी केली. प्रश्नांची संख्या मोजून आलेख काढणाऱ्यांनी या तारखा आधी आलेखावर टिपून घ्याव्यात.

भुईमुगाचा माग मध्येच सोडणं

या चुकीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण एकाच प्रकरणात सगळे सापळे दिसतात.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये तेल, मार्गारिन, चरबी यांचा कडक तुटवडा होता. त्यावर उपाय म्हणून पूर्व आफ्रिकेत, मुख्यतः टांगानिकात (आजच्या टांझानियात), यंत्रांनी रान साफ करून भुईमूग पिकवायची योजना निघाली. फेब्रुवारी १९४७ च्या श्वेतपत्रिकेत सुमारे ३२ लाख एकर जमीन आणि सुमारे अडीच कोटी पौंड खर्च असा आवाका होता. जानेवारी १९५१ मध्ये योजना गुंडाळल्याचं जाहीर झालं आणि ३ कोटी ६० लाखांहून अधिक पौंड बुडीत खाती टाकले गेले.

आता हे हॅन्सर्डमध्ये शोधायचं कुठे? टांगानिका म्हणजे वसाहत, तेव्हा वसाहतमंत्र्याची उत्तरं पाहू, असं कुणालाही वाटेल. पण योजना अन्नखात्याची होती. उत्तरं द्यायचे अन्नमंत्री जॉन स्ट्रेची. हेच स्ट्रेची २१ जुलै १९४६ पासून पावावर रेशन लावण्याबद्दल रोज प्रश्नांच्या माऱ्यात होते. युद्धातही जो पाव मोकळा मिळत होता, तो शांततेत मापून मिळू लागला होता. त्यामुळे भुईमुगाचे प्रश्न पाव, बटाटे आणि डबाबंद माशांच्या प्रश्नांमध्ये विखुरलेले आहेत. फेब्रुवारी १९५० च्या निवडणुकीनंतर स्ट्रेची युद्धखात्यात गेले आणि अन्नखातं मॉरिस वेब यांच्याकडे आलं. १९५१ मध्ये जे काही उरलं होतं, ते वसाहतखात्याकडे सोपवलं गेलं. नावाने शोधाल तर माग दोनदा तुटेल, म्हणून शोध विषयाने घ्या.

त्यात आणखी एक पेच आहे. १९४८ मध्ये हे काम ओव्हरसीज फूड कॉर्पोरेशन या महामंडळाकडे गेलं. मग ट्रॅक्टर किती बंद पडले, असं विचारलं की ‘हा महामंडळाच्या दैनंदिन कारभाराचा भाग’ ही सबब आलीच.

सगळ्यात मोठी गफलत एकरांच्या आकड्यांत होते. उत्तरांत कधी झाडोरा काढलेली जमीन असते, कधी मुळं उपसून तयार झालेली, कधी पेरलेली, तर कधी काढणी झालेली. चार उत्तरांतले चार आकडे एका रकान्यात मांडले की जमीन कधी वाढताना तर कधी घटताना दिसते, आणि ‘मंत्री खोटं बोलले’ असा शेरा मारून अभ्यासक मोकळा होतो. आपल्याकडच्या वाचकाला हा फरक समजावून सांगायला नको. शेंग जमिनीत धरते. टांगानिकात योजनेची जमीन होती त्या कोंग्वाची माती पाऊस सरला की विटेसारखी घट्ट होई. पेरलेलं सगळं हाती येईल, असं तिथे मुळीच नव्हतं. रणगाड्यांचे सांगाडे वापरून बनवलेले ट्रॅक्टरही त्या रानापुढे थकले. म्हणून तक्ता करताना चार रकाने ठेवा आणि प्रत्येक आकड्यापुढे उत्तराची तारीख आणि नेमकं क्रियापद लिहा. मी असा तक्ता केला, तेव्हा कळलं की वेगवेगळी उत्तरं आपापल्या जागी बरोबर होती. बदलत होतं ते मोजायचं माप, आणि उद्दिष्ट गुपचूप खाली येत होतं.

प्रश्नालाच पुरावा मानणं

‘अमुक छावणीत सैनिकांना महिनोन्महिने परतीचं जहाज मिळत नाही, याची मंत्र्यांना जाणीव आहे काय?’ हा प्रश्न आहे. त्यातली माहिती विचारणाऱ्याची आहे. ती खरी असेलही, पण ‘हॅन्सर्डनुसार’ म्हणून ती देता येत नाही. नुसतं ‘नाही, महोदय’ असं उत्तर आलं, तर ते नेमकं कशाला नाही हेही तपासावं लागतं. वस्तुस्थितीला नाही, की चौकशी करण्याला नाही? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तोंडी उत्तर, लेखी उत्तर आणि यादीत नसलेला प्रश्न

प्रश्नापुढे चांदणीची खूण असली की तोंडी उत्तर मागितलं आहे. आपला ‘तारांकित’ हा शब्द त्यावरूनच आला. पण वेळ तासाभराचीच असे. जे प्रश्न तेवढ्यात पुकारले जात नसत, त्यांची उत्तरं लेखी छापली जात. त्यांना उपप्रश्न नसतात, आणि मंत्री कात्रीत सापडतो तो उपप्रश्नांतच. लेखी उत्तरांच्या स्तंभांचे क्रमांक वेगळे असतात. तेव्हा संदर्भात लेखी की तोंडी हे लिहायला विसरू नका.

काही प्रश्न छापील यादीत नसतातच. सभापतींच्या परवानगीने, मंत्र्याला खासगी सूचना देऊन ते त्याच दिवशी विचारले जात. १२ नोव्हेंबर १९४७ ला अर्थमंत्री ह्यू डाल्टन अर्थसंकल्प मांडायला सभागृहात निघाले होते. वाटेत त्यांनी एका सायंदैनिकाच्या बातमीदाराला मुख्य तरतुदी सांगून टाकल्या. भाषणात त्या मांडल्या जाण्याआधी अंक रस्त्यावर होता. दुसऱ्या दिवशी असाच खासगी सूचनेचा प्रश्न आला. डाल्टन यांनी चूक कबूल करून सभागृहाची माफी मागितली आणि त्याच दिवशी राजीनामा दिला. फक्त प्रश्नांची यादी पाहणाऱ्याला हे प्रकरण दिसणारच नाही.

आकडे आणि शब्द

दशलक्षाचे लाख-कोटी करताना शून्य घसरतं. १९४७ च्या मध्याला भारताची स्टर्लिंग शिल्लक सुमारे १,१६० दशलक्ष पौंड होती, म्हणजे ११६ कोटी पौंड. रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. त्या हिशेबाने ही रक्कम सुमारे १,५४७ कोटी रुपये होते. ब्रिटिश कागदांत ‘बिलियन’ दिसलाच, तर तो तेव्हा लाख कोटीचा असे, आजच्यासारखा शंभर कोटींचा नव्हे. टन २,२४० पौंड वजनाचा. डॉलरचे आकडे असतील तर १८ सप्टेंबर १९४९ ही तारीख पाहा. त्या दिवशी पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आला. रुपयाचंही त्याच प्रमाणात अवमूल्यन झालं, म्हणून पौंड-रुपया भाव मात्र तोच राहिला.

शोधशब्द त्या काळातले हवेत. पूना, किरकी, देवळाली हे त्यांच्या स्पेलिंगने शोधा. नाविकांच्या उठावासाठी ‘म्यूटिनी’, ‘स्ट्राइक’ आणि ‘डिस्टर्बन्स’ असे तिन्ही शब्द टाकून पाहा. फौजेच्या उत्तरांत ‘पायथन’ आला तर साप समजू नका. परदेशात ठरावीक काळ काढलेल्या सैनिकाला मायदेशी पाठवण्याच्या योजनेचं ते नाव होतं.

अर्धवट उद्धृत करणं

‘लोकशाही ही सर्वांत वाईट राज्यपद्धती आहे, आजवर अधूनमधून आजमावलेल्या बाकी सगळ्या सोडल्या तर’ हे चर्चिल यांच्या नावावर फिरणारं वाक्य ११ नोव्हेंबर १९४७ चं आहे, खंड ४४४, स्तंभ २०६-२०७. मूळ जागी ‘असं म्हटलं गेलं आहे’ असे शब्द त्याला जोडलेले आहेत, म्हणजे वाक्य आपलं असल्याचा दावा ते करतच नाहीत. चर्चा होती पार्लमेंट विधेयकावर. विधेयक रोखून धरायची उमरावांची मुदत दोन वर्षांवरून एकावर आणायची होती, आणि चर्चिल त्याला विरोध करत होते. संदर्भ देताना पान लिहू नका. हॅन्सर्डच्या एका पानावर दोन स्तंभ असतात आणि क्रमांक स्तंभाचा असतो. तारीख, सभागृह, खंड, स्तंभ एवढं लिहिलंत, की तपासणाऱ्याला नेमकी जागा सापडते.