बंद टॉर्चही सेल खाते
रानडुकरं हरभऱ्यात घुसलेली, जागलीला निघावं तर टॉर्च मेलेली! वापरली तर नव्हतीच. मऊ बटणाच्या टॉर्चमधलं सर्किट बटण दाबलं जायची वाट पाहत जागंच असतं. ते १ मिलिअँपिअर जरी खात असलं, तरी २४०० मिलिअँपिअर-तासांचा सेल १०० दिवसांत रिकामा. सोयाबीन पेरताना भरलेला सेल दसऱ्याच्या सुमारास खलास. (चांगल्या टॉर्चचं खाणं याहून कितीतरी कमी असतं.) ठेवताना मागचं झाकण पाव फेरा सैल करा, मग बटण दाबून पाहा. तरीही पेटली, तर आट्यांमधूनच करंट वाहतोय. अशा टॉर्चचा सेल काढूनच ठेवावा. खट्‌कन सरकणाऱ्या जुन्या बटणाच्या टॉर्चला ही भानगडच नाही.