संगीत मासिकाच्या मुखपृष्ठाचं फोटोशूट कसं आखावं

मुखपृष्ठाच्या फोटोवर मासिकाचं नाव येणार, मथळे येणार, कोपऱ्यात बारकोड येणार. ही जागा शूटच्या आधी ठरली नाही, तर सुंदर फोटोतल्या गायिकेच्या कपाळावर मासिकाचं नाव बसतं आणि मग कुणाच्याच हातात काही उरत नाही.

म्हणून पहिलं काम कॅमेऱ्याचं नाही, आराखड्याचं. कला-संपादकाकडून मांडणीचा कच्चा नमुना मागून घ्या: नाव किती उंचीचं, मथळे कोणत्या बाजूला, बारकोड कुठे. पानाचं माप विचारा. समजा ए-फोर आहे, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर वाढवले आणि ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायचं म्हटलं, की साधारण २५५० बाय ३५८० पिक्सेल लागतात. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांना हे सहज जमतं. अडचण चौकटीची असते. ३:२ प्रमाणाचा उभा फोटो ए-फोरपेक्षा उंच असतो, तेव्हा वरखाली थोडा भाग कापला जाणारच. डोक्यावर जागा जरा जास्तच सोडा.

दुसरं काम कलावंताला भेटण्याचं. नवा अल्बम पूर्ण ऐका आणि शूटच्या आधी एकदा तरी निवांत बोला. कल्पना तुमची असली तरी चेहरा त्यांचा आहे. ८ डिसेंबर १९८० रोजी छायाचित्रकार ॲनी लीबोविट्झ ‘बीटल्स’चे माजी गायक जॉन लेनन यांचा फोटो काढायला गेल्या, तेव्हा ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत नियतकालिकाला एकटे लेनन हवे होते. पत्नी योको ओनोंशिवाय फोटो नाही, असं लेनन यांनी ठामपणे सांगितलं. लीबोविट्झ यांनी ते ऐकलं. त्याच रात्री लेनन यांची हत्या झाली आणि योकोंना बिलगलेल्या लेनन यांचा तो फोटो ‘रोलिंग स्टोन’च्या २२ जानेवारी १९८१च्या अंकावर एकाही मथळ्याविना छापला गेला. मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं, कारण ती चौकट कलावंताच्या हट्टातून आली.

वाद्य फोटोत असेल तर ते कलावंताचं स्वतःचंच आणायला सांगा. उसन्या वाद्यावर बोटं परक्यासारखी पडतात. पियानोचं काळं पॉलिश आणि सॅक्सोफोनचं पितळ समोरचे सगळे दिवे दाखवतात. पॉलिशवरची चमक पोलरायझर फिल्टरने बरीच कमी होते. उघड्या धातूवर मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्याचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) लावून वाद्याचा कोन थोडा थोडा बदलत राहावं लागतं. आणखी एक: मथळ्यासाठी जागा दुसऱ्या बाजूला हवी म्हणून फोटो आरशासारखा उलटवू नका. व्हायोलिन उजव्या खांद्यावर जातं, गिटारवादक डावखुरा होतो आणि संगीत मासिकाचा वाचक ते लगेच पकडतो. त्यापेक्षा डावीकडे आणि उजवीकडे जागा सोडलेले वेगवेगळे फोटो शूटमध्येच घेऊन ठेवा.

कपड्यांबाबत दोनच गोष्टी. बारीक रेघा टाळा, कॅमेऱ्यात त्यांवर विचित्र लाटा उमटतात. मोठे ब्रँडलोगोही नकोत.

वेळापत्रक लिहून काढा. कलावंत तीन तास देणार असेल, तर मेकअप आणि कपड्यांत एक तास जातो असं धरा. तो येण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी उभं करून प्रकाशयोजना पक्की करा. सुरुवात साध्या, सरळ नजरेच्या फोटोने करा. तो हाती आला की प्रयोग करायला मन मोकळं होतं. अर्ध्या देहाच्या फोटोला फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स छान. वाइड लेन्स जवळून वापरली तर नाक मोठं दिसतं. बँड असेल तर कुणाला बसवा, कुणाला उभं करा, म्हणजे उभ्या चौकटीत चेहरे वरखाली बसतील. सगळे फोकसमध्ये राहावेत म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/८च्या आसपास ठेवा.

कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडा आणि आराखड्याचा पारदर्शक थर फोटोवर ठेवून पाहत जा. गाताना तोंड उघडं असलेला क्षण बहुधा विद्रूप येतो. ओळ संपते, श्वास सुटतो, तेव्हा क्लिक करा.

फोटो छापील अंकाखेरीज वेबसाइटवर, सोशल मीडियावर आणि जाहिरातीत वापरायचा का, किती काळ, हे शूटच्या आधीच लेखी ठरवा. निवडलेले तीन फोटो मथळ्यांसह खऱ्या मापात छापा, भिंतीला लावा आणि चार पावलं मागे जाऊन पाहा. चेहरा तिथूनही थेट तुमच्याकडे बघत असेल, तो फोटो पाठवा.