समुद्रकिनारी भरणाऱ्या ट्रॅव्हल मार्टला जाताय? या चुका टाळा

ट्रॅव्हल मार्ट, म्हणजे हॉटेलवाले आणि ट्रॅव्हल एजंट यांना धंद्याच्या भेटींसाठी एकत्र आणणारा मेळावा, एखाद्या बेटावरच्या रिसॉर्टमध्ये असला की तयारीत ढिलाई येतेच. बॅगेत पोहण्याचे कपडे आधी जातात आणि कामाचे कागद शेवटच्या रात्री आठवतात. पण गेल्या काही वर्षांत मला याच्या उलट चूक जास्त दिसते, आणि ती जास्त नुकसान करते. माणूस दोन दिवस एसी हॉलमध्ये बसतो, शंभरेक व्हिजिटिंग कार्डं गोळा करतो आणि जे ठिकाण पुढे वर्षभर विकायचं आहे ते धड न बघताच विमानात बसतो. दर आणि अटी ईमेलवरही ठरतात. बोटीतून उतरताना गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं की नाही, हे मात्र तिथे उभं राहिल्यावरच कळतं. म्हणून खालच्या बहुतेक चुका मी याच नजरेने पाहते: तुमचं बघणं आणि विचारणं कशामुळे कमी पडतं?

मार्टच्या दिवसांतलं हवामान म्हणजेच तिथलं हवामान, असं धरून चालणं

रिसॉर्टमध्ये शेकडो खोल्या एकदम रिकाम्या कधी मिळतात? गर्दीचा हंगाम नसताना. त्यामुळे असे मेळावे बरेचदा हंगामाच्या कडेला भरतात. तुम्ही पावसात जाता आणि ठिकाण नापसंत करून येता, किंवा नशिबाने चार दिवस ऊन मिळतं आणि तुम्ही त्याच महिन्यात ग्रुप पाठवायचं ठरवता. दोन्हीत फसगत आहे.

थायलंडचंच बघा. फुकेत आणि क्राबीच्या बाजूला, म्हणजे अंदमान समुद्राच्या किनाऱ्यावर, साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो. पलीकडच्या आखातातल्या को सामुईला मात्र सर्वांत जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. देश एक, पण दोन किनाऱ्यांची कॅलेंडरं वेगळी. श्रीलंकेतही नैर्ऋत्य किनारा भिजत असतो तेव्हा पूर्व किनारा कोरडा असतो. कॅरिबियनकडे जाणार असाल तर अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात, हे डोक्यात ठेवूनच तारखा आणि विमा बघा.

नुसत्या पावसाने काम संपत नाही. काही जागा ठरावीक महिन्यांत बंदच असतात. सिमिलन बेटांचं राष्ट्रीय उद्यान दरवर्षी साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंद असतं. माया बे २०१८ मध्ये बंद झाली ती २०२२ च्या जानेवारीत उघडली, आणि आता बोटी थेट त्या खाडीत शिरत नाहीत. मागच्या बाजूने उतरून चालत जावं लागतं. तरी जुने फोटो लावलेली ब्रोशर अजून फिरतात. बालीत न्येपीच्या, म्हणजे मौन पाळण्याच्या सणाच्या, दिवशी विमानतळच चोवीस तास बंद असतो, आणि ती तारीख दरवर्षी बदलते. म्हणून प्रत्येक टेबलावर एक प्रश्न ठरवून विचारा: ‘वर्षातल्या कोणत्या दिवसांत तुम्ही हे देऊ शकत नाही?’ उत्तर देताना समोरचा माणूस चाचपडला तर पुढचं सगळं लेखी मागा.

कागदपत्रांत ‘मी तर फिरायलाच चाललोय’ हे गृहीत धरणं

इमिग्रेशनच्या खिडकीत तुम्ही कॉन्फरन्सला आलात असं सांगता आणि हातात निव्वळ पर्यटक व्हिसा असतो. काही देशांत मीटिंगला बसण्यापुरता तो चालतो, काही देशांत नाही, आणि स्टॉल लावून विक्री करणं हा आणखी वेगळा प्रकार. आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवा, त्यावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर असू द्या, आणि कोणत्या प्रकारचा व्हिसा लागतो हे त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. आपण रोज दुसऱ्यांचे व्हिसा करतो, म्हणून स्वतःचा नीट बघत नाही. आपल्या व्यवसायात हे फार होतं.

पासपोर्ट प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध असावा, हा नियम इंडोनेशिया, मलेशियासह अनेक देशांत आहे. थायलंडला १ मे २०२५ पासून आगमनाचं डिजिटल कार्ड आधी ऑनलाइन भरावं लागतं. आफ्रिकेतला किंवा दक्षिण अमेरिकेतला एखादा कार्यक्रम करून तिथूनच पुढे जाणार असाल तर पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचं प्रमाणपत्र विचारलं जाऊ शकतं. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं, म्हणजे आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमानुसार ते आयुष्यभर चालतं.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका. ती केबिनमध्येच न्यायची असते आणि परवानगीशिवायची मर्यादा १०० वॉट-अवर. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-अवरची असते, तेवढी मार्टच्या दिवसाला पुरते.

अपॉइंटमेंटची डायरी ठासून भरणं

आधी ठरवलेल्या भेटी हा मार्टचा कणा. पंधरा-वीस मिनिटांचा एकेक स्लॉट, घंटा वाजली की उठायचं. बायर (सहली विकणारा एजंट) असाल तर सगळे स्लॉट भरण्याचा मोह होतो, सेलर (हॉटेल किंवा स्थानिक कंपनीचा माणूस) असाल तर येईल त्याला हो म्हणण्याचा. दुपारी चारपर्यंत चेहरे एकमेकांत मिसळतात आणि कार्डांच्या गठ्ठ्यातलं कोण काय म्हणालं ते आठवत नाही. दर चार भेटींनंतर एक स्लॉट मुद्दाम रिकामा ठेवा. त्यात पाणी प्या आणि आधीच्या चार भेटींवर दोन-दोन ओळी लिहा. अर्धवट राहिलेलं महत्त्वाचं बोलणंही त्याच वेळात पुरं करता येतं.

पंधरा मिनिटांपैकी पहिली पाच बहुतेक वेळा ब्रोशर चाळण्यात जातात. ती वाचवायची तर स्वतःचं एक पान घेऊन जा: तुमचे ग्राहक कुटुंबं आहेत की जोडपी, कोणत्या महिन्यांत जातात, ग्रुप किती पॅक्सचा, म्हणजे माणसांचा असतो, खोलीचा कोणता वर्ग चालतो. समोरच्याला ते पान दिलं की बोलणं थेट नेट रेटवर, म्हणजे कमिशन वगळून एजंटला मिळणाऱ्या दरावर, येतं. मग विचारा: मुलांसाठीची पॉलिसी कोणत्या वयापर्यंत, एक्स्ट्रा बेड खरा की गादी, ब्लॅकआउट डेट्स (ठरलेला दर चालत नाही त्या तारखा) कोणत्या, धरून ठेवलेल्या खोल्या किती दिवस आधी सोडाव्या लागतात, २४ आणि ३१ डिसेंबरचं गाला डिनर सक्तीचं आहे का. या शेवटच्या प्रश्नावरून ऐन वेळी किती वाद होतात ते तुम्हाला माहीत असेलच.

एक प्रश्न मी आता कधीच सोडत नाही, कारण तो न विचारल्याचं ओझं मी वाहिलं आहे. मालदीवमध्ये सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. एका कुटुंबाचं विमान मालेला संध्याकाळी उतरलं, सोबत दोन लहान मुलं. रिसॉर्टपर्यंतचं सीप्लेन दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रीच्या हॉटेलची सोय मी केलेली नव्हती, कारण मार्टमध्ये त्या रिसॉर्टच्या टेबलावर मी व्हिलाचे फोटो बघत बसले होते आणि शेवटचं ट्रान्स्फर किती वाजता हे विचारलंच नव्हतं. त्या आईचा विमानतळावरून आलेला फोन मला अजून ऐकू येतो. तेव्हापासून कुठल्याही बेटासाठी माझा पहिला प्रश्न ट्रान्स्फरचा: शेवटचं किती वाजता, समुद्र खवळला तर पर्याय काय, आणि त्याचे पैसे कोण भरणार.

समोरचा आलाच नाही तर? पाच मिनिटं थांबा, टेबलावर तुमचं पान आणि कार्ड ठेवा, आयोजकांच्या डेस्कवर नोंद करा. होस्टेड बायर (ज्याचा खर्च आयोजक करतात) असाल तर ही नोंद नक्की करा. भेटी चुकवल्याचा हिशोब तुमच्या नावावर लागू शकतो आणि काही आयोजक त्यावरून खर्च वसूलही करतात. नोंदणीच्या वेळच्या अटी वाचून ठेवा.

उकाडा आणि एसी यांना हलक्यात घेणं

हॉलमध्ये थंडी, बाहेर दमट उष्मा, आणि दिवसातून दहा वेळा आत-बाहेर. एक पातळ जॅकेट जवळ ठेवा. कपडे सुती किंवा लिननचे, बूट आधी वापरून सैल झालेले. उष्ण हवेची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. तुमच्याकडे चार दिवस आहेत, म्हणून पहिल्या दिवशी भर दुपारच्या साइट इन्स्पेक्शनला (हॉटेल फिरून बघण्याला) हो म्हणू नका. डोकं दुखायला लागलं, चक्कर आल्यासारखं वाटलं तर सावलीत बसा आणि ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने वाढवू नका.

फोटो धुरकट येतात ही तक्रार तर हमखास. कॅमेरा किंवा फोन रात्रभर एसी खोलीत थंड झालेला असतो. बाहेर आणताच हवेतली वाफ काचेवर जमते. पुसलं की पुन्हा येते. कॅमेरा खोलीतच घट्ट बंद प्लॅस्टिक पिशवीत घाला, पिशवीसकट बाहेर आणा आणि अर्धा तास उघडू नका. दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला बसतं, लेन्स कोरडी राहते. सूर्योदयाचे फोटो हवे असतील तर गजर अर्धा तास आधीचा लावा.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. संध्याकाळच्या पार्टीला मलम लावून जाणारे दिवसभर बागेत उघड्या पायांनी फिरतात. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते सांगा, आणि तपासणी होईपर्यंत आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

फॅम ट्रिपमध्ये दाखवतील तेवढंच बघणं

फॅम ट्रिप म्हणजे एजंटांना ठिकाण दाखवण्यासाठी काढलेली सहल. तिच्यात हॉटेलवाले तुम्हाला सगळ्यात महागडा व्हिला दाखवणार. तो त्यांच्या अभिमानाचा भाग आहे, त्यात गैर काही नाही. पण तुमचे ग्राहक बहुतेक तळाच्या वर्गातल्या खोलीत राहणार आहेत. तीच खोली बघायला मागा, आणि शक्य असेल तर इमारतीच्या टोकाची. रिसेप्शनपासून तिथपर्यंत बॅग ओढत स्वतः चालून बघा आणि घड्याळ लावा. सात मिनिटं लागली, मध्ये चौदा पायऱ्या होत्या, वाटेवर वाळू होती. हे तीन तपशील गुडघे दुखणाऱ्या आजोबांसाठी कुठल्याही ब्रोशरपेक्षा जास्त कामाचे. शॉवर सोडा. पडदा सरकवून खिडकी उघडा. ‘सी व्ह्यू’ म्हणजे समोर समुद्र, की मान वळवून दिसणारी निळी पट्टी, ते लगेच कळतं.

किनारा एकदाच बघू नका. भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर असतं, म्हणून सकाळी दिसलेलं निळं पाणी दुपारी प्रवाळाच्या खडबडीत मैदानात बदललेलं असू शकतं. मुलांना पोहता येईल का, हे ओहोटीच्या वेळी ठरतं.

आता एक धोक्याची गोष्ट, आणि ही नीट वाचा. परतीच्या आदल्या दिवशी स्कूबा डायव्हिंग ठेवलेली फॅम ट्रिप मी पाहिली आहे. डायव्ह केल्यावर लगेच विमानात बसलं तर कमी दाबामुळे शरीरातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन गंभीर आजार होऊ शकतो. एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डायव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं, असा सर्वसाधारण संकेत आहे. कार्यक्रमपत्रिका हातात आली की हे अंतर मोजा, आणि बसत नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. तुमच्या ग्राहकांच्या पत्रिकेतही हाच हिशोब लावा.

सनस्क्रीनही बघून घ्या. पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून प्रवाळाला घातक ठरणारी काही रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही नावं डब्यावर शोधा. भाड्याची स्कूटर घेणार असाल तर त्या देशात चालणारा दुचाकीचा परवाना जवळ हवाच, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

उत्साहात आकडे बोलून जाणं

पार्टीत, गप्पांच्या भरात, ‘वर्षाला पाचशे पॅक्स देतो’ असं तोंडातून निघतं. समोरचा डीएमसीवाला (त्या ठिकाणची व्यवस्था बघणाऱ्या स्थानिक कंपनीचा माणूस) त्यावर दर काढतो, हॉटेलशी बोलतो. सहा महिन्यांनी वीस पॅक्स गेले की पुढच्या वर्षी तुमच्या ईमेलला उत्तर येत नाही. गेल्या वर्षीचा खरा आकडा सांगा. छोटा असला तरी चालतो. छोट्या पण नेमाने येणाऱ्या एजंटला चांगला दर देणारे मी बरेच पाहिले आहेत.

परतल्यावर ‘आठवड्याने बघू’ म्हणणं

मार्ट संपल्याच्या रात्री, खोलीवर गेल्यावर, झोपायच्या आधी कार्डांचे तीन ढीग करा: ज्यांच्याशी काम करायचंच आहे, ज्यांच्याकडून एखादं उत्तर हवं आहे, आणि बाकीचे. पहिला ढीग दहाच्या वर जात असेल तर पुन्हा चाळा. त्या दहांना तीन दिवसांच्या आत ईमेल पाठवा, आणि त्यात भेटीतलं काहीतरी नेमकं असू द्या: ‘तुम्ही तळमजल्यावरच्या चार खोल्या ज्येष्ठांसाठी राखून ठेवता येतील म्हणाला होतात, त्यांचा दर पाठवा.’ अशा ईमेलला उत्तर येतं. ‘भेटून आनंद झाला’ एवढंच लिहिलेली शेकडो ईमेलं त्याच आठवड्यात त्यांच्याकडे येऊन पडलेली असतात.

दुसऱ्या ढिगाला दहा दिवस द्या आणि एकदाच आठवण करा. खोल्यांचे, बोटीचे, पायऱ्यांचे जे फोटो काढलेत त्यांना हॉटेलचं नाव आणि तारीख त्याच आठवड्यात लिहून ठेवा. महिन्याभराने सगळे समुद्र सारखेच दिसतात.