मेनफ्रेम प्रोजेक्ट मिळालाय? मग हे वाचा

पुण्यात ट्रेनिंग संपवून मेनफ्रेम (बँकांसारख्या संस्थांचे मोठे मध्यवर्ती कॉम्प्युटर) प्रोजेक्टवर आलेल्या फ्रेशर्सचे चेहरे पडलेले असतात. बरोबरीची मुलं क्लाउडवर आणि आपल्या वाट्याला १९५९ सालची कोबॉल ही प्रोग्रामिंग भाषा! मी बँकांच्या अशाच जुन्या सिस्टिम बदलण्याच्या कामात आहे, म्हणून कळकळीने सांगते: नाराज होऊ नका, इथे शिकण्यासारखं भरपूर आहे.

सुरुवातीला कोड लिहायची घाई नको. रात्रीची बॅच (एकामागून एक आपोआप चालणारे जॉब) कुठून सुरू होते, कोणती फाइल कोणत्या जॉबला जाते, हे जेसीएल (जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या सूचना) उघडून कागदावर काढा. एस-झिरो-सी-सेव्हन ॲबेंड आला, म्हणजे चुकीच्या डेटामुळे जॉब मध्येच बंद पडला, तर नुसता जॉब रीस्टार्ट करून सोडून देऊ नका. आकड्यांच्या फील्डमध्ये कचरा कुठून आला, ते मुळापर्यंत शोधा. डेटा कळतो तो असाच.

खरी कसोटी लागते ती पॅरलल रनमध्ये. तोच इनपुट जुन्या आणि नव्या सिस्टिमला द्यायचा आणि आउटपुट फील्डगणिक ताडून पाहायचा. कोबॉलमध्ये ‘राउंडेड’ असं लिहिलं नसेल, तर जास्तीचे दशांश सरळ छाटले जातात. व्याज १०४.६८७ आलं, तर जुनी सिस्टिम १०४.६८ धरते, नव्या जावा प्रोग्राममध्ये कुणी राउंड केलं असेल, तर १०४.६९. फरक एका पैशाचा, पण लाखो खात्यांवर. अशा वेळी जुनं ते चूक, असं धरून चालू नका. नियम काय आहे, ते बिझनेस टीमला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं प्रकरण नक्की अभ्यासा. एप्रिल २०१८ मध्ये बँक नव्या प्लॅटफॉर्मवर गेली, तीही जवळपास एका दमात. डेटा नीट पोचला, प्लॅटफॉर्मने मात्र मान टाकली. ग्राहकांना स्वतःची खाती उघडता येईनात, शाखांचंही काम अडलं. गाडी रुळावर यायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. माझं मत ठाम आहे: टप्प्याटप्प्याने जा, आणि परत फिरायची वाट आखल्याशिवाय कटओव्हरची (नव्या सिस्टिमवर जाण्याची) तारीख ठरवू देऊ नका.

आणि निवृत्तीला आलेल्या सीनियरजवळ बसून विचारा, ही अट इथे का घातली? वायटूकेच्या (२००० साल उजाडताना झालेल्या तारखांच्या गोंधळाच्या) वेळी दोन आकडी वर्षांसाठी अनेक ठिकाणी सीमारेषा आखल्या गेल्या. समजा, ५० च्या आतलं वर्ष २००० नंतरचं आणि पुढचं १९०० नंतरचं, अशी अट एखाद्या प्रोग्राममध्ये राहून गेली असेल, तर २०५६ मध्ये फिटणारं गृहकर्ज त्याला १९५६ मध्येच फिटलेलं दिसेल.