युनिट टेस्टिंग शिकताना सुरुवात कुठून करावी

युनिट टेस्टिंगकडे, म्हणजे कोडचा एकेक लहान भाग स्वतंत्रपणे तपासणाऱ्या टेस्ट लिहिण्याकडे, वळणारे नवशिके बहुधा आधी टूल कोणते घ्यावे हे विचारतात. जावास्क्रिप्टसाठी जेस्ट, पीएचपीसाठी पीएचपीयुनिट, पायथनसाठी पायटेस्ट. आपल्या भाषेचे जे असेल ते घ्यावे आणि त्यावर वेळ दवडू नये. कशाची टेस्ट लिहायची, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

मी एका लहान फंक्शनपासून सुरुवात केली. किमती व सवलतीची टक्केवारी घेऊन एकूण रक्कम परत देणे एवढेच त्याचे काम होते. त्यात डेटाबेस, नेटवर्क किंवा ब्राउझर यांचा संबंध नसल्यामुळे माहिती मांडणे, फंक्शन चालवणे आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणे हे तीन टप्पे स्पष्ट दिसले. किमतींची यादी रिकामी असेल तर काय? सवलत शंभर टक्के असेल तर? फॉर्ममधून आलेली संख्या ही मुळात स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते, त्यामुळे जावास्क्रिप्टमध्ये '१०' या स्ट्रिंगमध्ये ५ मिळवल्यास १५ न येता '१०५' येते, आणि अशी चूक स्क्रीनवर सहज नजरेतून सुटते. दशांशांचेही तसेच आहे: ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तंतोतंत ०.३ होत नाही, म्हणून अशा ठिकाणी जेस्टमधील तंतोतंत बरोबरी तपासणाऱ्या 'टूबी'ऐवजी जवळपासची बरोबरी तपासणारे 'टूबीक्लोजटू' वापरावे लागते.

टेस्ट पास झाली म्हणून लगेच विश्वास ठेवू नये. असिंक्रोनस, म्हणजे उत्तर नंतर देणाऱ्या, फंक्शनपुढे त्या उत्तरासाठी थांबायला सांगणारे 'अवेट' लिहायचे राहिले आणि प्रॉमिसही (नंतर येणाऱ्या उत्तराची जागा धरणारी वस्तू) परत केले नाही, तर पडताळणी होण्यापूर्वीच टेस्ट संपते व हिरवी, म्हणजे पास झालेली, दिसते. म्हणून मी कोड मुद्दाम बिघडवून टेस्ट लाल होते की नाही हे पाहतो. कव्हरेजच्या, म्हणजे टेस्टमध्ये किती कोड चालला याच्या, टक्केवारीपेक्षा मला ही सवय अधिक भरवशाची वाटते, कारण ओळ चालली एवढेच कव्हरेज सांगते, तिचे उत्तर तपासले गेले की नाही हे सांगत नाही.

पुढे मॉक, म्हणजे टेस्टमध्ये खऱ्या भागांऐवजी वापरायचे बनावट भाग, येतात, पण त्यांची घाई नको. एका फंक्शनसाठी चार-पाच मॉक लागत असतील, तर अडचण बहुधा टेस्टमध्ये नसून कोडच्या रचनेत असते. सदस्यत्वाची मुदत संपली का हे तपासणारे फंक्शन आजची तारीख स्वतःच काढत असेल, तर त्याचा निकाल रोज बदलू शकतो. तीच तारीख बाहेरून दिली, की मॉकशिवायही २९ फेब्रुवारीची टेस्ट कोणत्याही दिवशी चालवता येते.