जेक्वेरी, सिलेक्ट-टू आणि पडद्यामागचा खरा ड्रॉपडाउन

पहिल्याच नोकरीत रिअ‍ॅक्टचा कोरा करकरीत प्रोजेक्ट मिळावा असं सगळ्यांनाच वाटतं. मिळाला तर उत्तमच. पण आपल्याकडच्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत नव्या मुलामुलींच्या हाती आधी पडतो तो कुणीतरी आठ-दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला फॉर्म: कॉलेजप्रवेशाचा, पतसंस्थेच्या सभासदांचा, नाहीतर पाणीपट्टीच्या तक्रारींचा. त्यात जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी असते, आणि जिल्हा-तालुक्याच्या यादीवर (म्हणजे एचटीएमएलच्या ‘सिलेक्ट’ ड्रॉपडाउनवर) सिलेक्ट-टू नावाचं, जेक्वेरीवर चालणारं प्लगइन चढवलेलं असतं. मी असेच फॉर्म सांभाळत आलो आहे, त्यामुळे हे लिखाण त्या बाजूचं आहे.

जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये जेक्वेरी आणली तेव्हा प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी होती, आणि सीएसएसच्या भाषेत पानावरचा घटक शोधायची सोय ब्राउझरमध्ये नव्हती. ती सोय आता क्वेरी-सिलेक्टर या नावाने सगळीकडे आहे. कोड ठेवायच्या गिटहब या साइटने २०१८ मध्ये आपल्या पानांवरून जेक्वेरी काढली, पानं सजवायच्या बूटस्ट्रॅप या फ्रेमवर्कने २०२१ मध्ये पाचव्या आवृत्तीत तिची गरज संपवली. वर्डप्रेसबरोबर मात्र ती आजही येते. म्हणजे नवं काही बांधायला ती शिकायची गरज नाही, पण चालू असलेलं दुरुस्त करायला ती आलीच पाहिजे. पगार बहुतेक वेळा दुसऱ्या कामाचा मिळतो.

सुरुवात निवडीपासून, म्हणजे पानावरचा घटक शोधण्यापासून करा. $('#जिल्हा') म्हणजे ज्या घटकाचा आयडी ‘जिल्हा’ आहे तो, आणि $('.तालुका') म्हणजे त्या क्लासचे सगळे. (देवनागरी आयडी एचटीएमएलला चालतो. तरी कामात तो ठेवू नका, शेजारच्या सहकाऱ्याला कीबोर्ड बदलत बसावं लागतं.) हातात येतो तो खुद्द घटक नसतो, घटकांचा संच असतो, आणि तो रिकामाही असू शकतो. नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. आयडीत एक अक्षर चुकलं तर साधी जावास्क्रिप्ट ‘नल’ म्हणून लाल अक्षरांत ओरडते. जेक्वेरी रिकाम्या संचावर सांगितलेलं काम निमूटपणे करते, म्हणजे काहीच करत नाही, आणि कन्सोल (ब्राउझरची एरर दाखवणारी खिडकी) स्वच्छ दिसतो. म्हणून ‘कोड चालतच नाही’ असं वाटलं की आधी त्या संचाची लेंग्थ (किती घटक सापडले तो आकडा) छापून बघा. शून्य आली तर पुढचा कोड वाचायची गरजच नाही.

पीएचपीच्या फॉर्ममध्ये नावापुढे चौकटी कंस असतात, काही जावा फ्रेमवर्क आयडीत कोलन घालतात. सिलेक्टरमध्ये, म्हणजे $ च्या कंसातल्या मजकुरात, या चिन्हांना वेगळा अर्थ असल्यामुळे तिथेही संच रिकामा येतो, किंवा थेट एरर येते. जेक्वेरी ३ पासून यासाठी एस्केप-सिलेक्टर हे फंक्शन मिळतं.

निवड झाली की ‘व्हॅल’ने किंमत वाचणं सोपं, पण चेकबॉक्सला ‘व्हॅल’ विचारू नका. टिक असो वा नसो, तो तेच उत्तर देतो. टिकेसाठी ‘प्रॉप’ वापरा. जुन्या कोडमध्ये त्या जागी ‘अ‍ॅटर’ दिसेल, कारण ‘प्रॉप’ २०११ मध्ये १.६ आवृत्तीत आलं. दुसरी गोष्ट: एखादी यादी बदलता येऊ नये म्हणून डिसेबल केली, तर तिची किंमत सर्व्हरपर्यंत जातच नाही. रीड-ओन्ली करावी तर सिलेक्टला ते लागू नाही. मग किंमत लपवलेल्या इनपुटमधून पाठवावी लागते.

आता सिलेक्ट-टू. हे प्लगइन मूळ सिलेक्टला हात लावत नाही. त्याला नजरेआड करतं आणि शेजारी आपली सजवलेली पेटी उभी करतं, शोधायच्या चौकटीसकट. आपण क्लिक करतो ते त्या पेटीवर, पण फॉर्मबरोबर सर्व्हरला जाते ती मूळ सिलेक्टची किंमत. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला एलिमेंट्स टॅब उघडून हे दोन्ही घटक एकदा स्वतः शोधा, कारण या प्लगइनच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी आपण नक्की कोणाशी बोलतोय हे न कळल्यामुळे येतात.

कोडमधून जिल्हा बदलला, पण पेटीवर जुनंच नाव दिसतंय? किंमत मूळ सिलेक्टला दिलीत, पेटीला कळवलं नाहीत. ‘व्हॅल’नंतर ‘चेंज’ (किंमत बदलल्याचा इव्हेंट) ट्रिगर करा. उलट प्रकार जास्त फसवा आहे. कुणी हौसेने ब्राउझरचं स्वतःचं ‘अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर’ लावून चेंजची वाट बघतो, आणि पेटीतून निवड केली तरी फंक्शन धावत नाही. सिलेक्ट-टू तो चेंज जेक्वेरीच्या ‘ट्रिगर’मधून पाठवतं, आणि ते ब्राउझरच्या लिसनरला ऐकू जात नाही. प्लगइन जेक्वेरीचं असेल तर ऐकायलाही जेक्वेरीचं ‘ऑन’ वापरा.

‘आणखी सदस्य जोडा’ असं बटण असलेल्या तक्त्यात हेच वेगळ्या रूपात भेटतं. सजवलेल्या ओळीची नक्कल केली की पेटीचीही नक्कल होते, पण ती मेलेली असते, क्लिकला दाद देत नाही. एक कोरी, न सजवलेली ओळ बाजूला ठेवा, तिची प्रत काढा, तक्त्यात घाला आणि मग सिलेक्ट-टू लावा. इव्हेंट मात्र प्रत्येक ओळीवर न बांधता तक्त्यावर बांधा आणि ‘ऑन’ला दुसरा सिलेक्टर द्या. नंतर आलेल्या ओळीही त्यात आपोआप येतात.

बूटस्ट्रॅपच्या मोडलमध्ये, म्हणजे पानावर उघडणाऱ्या छोट्या खिडकीत, शोधचौकटीत टाइपच होत नसेल तर ‘ड्रॉपडाउन-पेरेंट’ या पर्यायात तो मोडल द्या. मोडल फोकस स्वतःकडे ओढतो आणि पेटी त्याच्या बाहेर, बॉडीला चिकटलेली असते. आणि ‘सिलेक्ट-टू हे फंक्शन नाही’ अशी एरर आली तर पानात जेक्वेरी दोनदा आली आहे का ते बघा. प्लगइन पहिलीला चिकटतं, नंतर दुसरी येऊन $ या चिन्हाचा ताबा घेते. हेडरमध्ये एक, फुटरमध्ये एक, असं मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता कोड वाचायच्या आधी नेटवर्क टॅब उघडतो.

मराठी फॉर्मची खरी गंमत शोधण्यात आहे, आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये ती कधीच सापडणार नाही. यादीत ‘गोऱ्हे’ आहे, माणूस ‘गोऱ्हे’च टाइप करतो, आणि पेटी म्हणते की काही सापडलं नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण हा अर्धा ‘र’ लिहायचे युनिकोडमध्ये एकाहून अधिक मार्ग आहेत: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक. संगणक अक्षरं बघत नाही, आकडे जुळवतो. यावर इलाज म्हणजे सिलेक्ट-टूचा ‘मॅचर’, म्हणजे जुळवणी करणारं फंक्शन, स्वतः लिहायचा. त्यात टाइप केलेला मजकूर आणि यादीतला मजकूर, दोन्ही एकाच चाळणीतून काढा: जोडक उडवा, नुक्ता उडवा, ‘ऱ’चा ‘र’ करा. हवं तर दीर्घ इकार-उकारही ऱ्हस्व करा, म्हणजे ‘नागपुर’ लिहिणाऱ्यालाही नागपूर मिळेल. ही चाळणी फक्त तुलनेपुरती, साठवायचं नाव आहे तसंच ठेवा. बरेच लोक रोमन अक्षरांत शोधतात, त्यांच्यासाठी प्रत्येक पर्यायाच्या डेटा-अ‍ॅट्रिब्यूटमध्ये रोमन नाव ठेवून मॅचरला तेही बघायला सांगा.

राज्यात ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके, एवढं ब्राउझरला काहीच नाही. गावं मात्र चाळीस हजारांच्या वर आहेत. ती एका सिलेक्टमध्ये ओतलीत तर स्वस्तातला फोन जागीच बसतो. तिथे अजॅक्स लावा, म्हणजे पान न बदलता सर्व्हरकडून यादी मागवा, दोन-तीन अक्षरांनंतरच शोध सुरू करा, आणि प्रत्येक कळीला विनंती जाऊ नये म्हणून पाव सेकंदाचा विलंब ठेवा. अजॅक्समध्ये तुमचा मॅचर चालत नाही, जुळवणी सर्व्हर करतो. म्हणून तीच चाळणी सर्व्हरवरही लिहावी लागते.

असाच एक अडथळा आकड्यांचा. मराठी कीबोर्डवरून पिनकोड ‘४११०३०’ असा आला तर ‘नंबर’ प्रकारच्या इनपुटमधून तुम्हाला रिकामी स्ट्रिंग मिळू शकते, आणि जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकांचा संकेत देवनागरी अंक ओळखत नाही. इनपुट साधं टेक्स्टचं ठेवा, ‘इनपुट-मोड’ न्यूमेरिक द्या म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो, आणि तपासणीआधी देवनागरी अंक बदलून घ्या. वापरणाऱ्याला ‘इंग्रजीत लिहा’ असं दटावण्यापेक्षा या चार ओळी बऱ्या.

आणि प्रत्येक यादीवर सिलेक्ट-टू चढवू नका. रक्तगट आठच आहेत, तिथे शोधचौकट कशाला? साधा सिलेक्ट फोनवर स्वतःची मोठी, बोटाला सोयीची यादी उघडतो, आणि स्क्रीन रीडरला तो नीट वाचता येतो. माझ्यापुरतं म्हणाल तर जिल्ह्यालाही मी साधाच सिलेक्ट ठेवतो, प्लगइन फक्त गावाला. नव्या पानावर जेक्वेरी आणायचीच नसेल, तर टॉम सिलेक्ट हे तशाच कामाचं साधन तिच्याशिवाय चालतं. मूळ सिलेक्ट लपवून त्याच्या जागी आपली पेटी मांडायची रीत तिथेही आहे, त्यामुळे एलिमेंट्स टॅबमध्ये काय शोधायचं ते तुम्हाला आधीच माहीत असेल.